बुवांच्या चिपळ्या कोणी नेल्या?

विनायकराव ओगल्यांच्या हातून आयुष्यात एकच चोरी घडली, आणि ती त्यांनी नातीसाठी केली. चोरी कागदावरची, चोरीला गेलेली वस्तू कागदावरची, आणि ज्यांची वस्तू गेली ते बुवाही कागदावरचेच. चौकशीला आलेला हवालदार मात्र खराखुरा होता.

पण आधी मूळपद, निरूपण मागाहून.

मूळपद असं, की पूर्वी गॅलरीत एकटी बसायची. पूर्वी म्हणजे विनायकरावांच्या लेकीची लेक, वय वर्षं दहा. लेक-जावयाची बंगळुरूहून बदली झाली आणि ती मंडळी पनवेलला, आजी-आजोबांच्याच पारिजात सोसायटीत राहायला आली. आई-वडील कामावर गेले, की पूर्वी आजोबांकडे. पूर्वीला वेड हेरकथांचं. तिच्या पुस्तकांत गोष्ट ऐन रंगात आली की थांबायची आणि विचारायची, सांगा बघू, चोर कोण? उत्तर पुस्तकाच्या शेवटी, उलट्या अक्षरांत छापलेलं. पूर्वीला ते पान कधी लागलंच नाही. "माळी. पाऊस पडत होता म्हणतो आणि बूट कोरडे," असं पुटपुटून ती पुढच्या गोष्टीवर जायची. मधेच मान वर करून खाली कंपाउंडमध्ये खेळणाऱ्या पोरांकडे बघायची. कुणी वर बघितलं की पटकन पुस्तकात.

"खाली जा की खेळायला," विनायकराव म्हणाले.

"त्यांची टीम फुल आहे, आजोबा."

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. दिसतं ना."

हे 'दिसतं ना' विनायकरावांच्या काळजात रुतलं. त्या संध्याकाळी दिवा लावताना त्यांनी देवाला स्पष्टच सांगितलं, की या पोरीला एक मैत्रीण दे. दोन दिल्यास तरी माझी काही हरकत नाही.

देवावर सोडून स्वस्थ बसणारा मात्र हा माणूस नव्हे. विनायकरावांना नाद होता कीर्तनाचा. पेण, उरण, आपटे, कुठेही कीर्तन असो, हे पहिल्या रांगेत. तळोज्याच्या एका कारखान्यातल्या पूजेला ठेवलेलं कीर्तनसुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं, जिथे बुवांचा षड्ज आणि पाळी सुटल्याचा भोंगा एकदमच लागले आणि भोंगा किंचित जास्त सुरात होता. कीर्तनातून ते एक गोष्ट शिकले होते: श्रोत्याला नुसतं सांगून काही होत नाही, त्याला ओढून आणावं लागतं. तेव्हा पूर्वीला एकटीला सुटणार नाही असं कोडं आपणच घालायचं. मग तिला कुणाला तरी विचारावं लागेल. विचारायला दार उघडावं लागेल. एकदा दार उघडलं की पुढचं देव बघेल.

योजना निर्दोष होती. अडचण एवढीच, की विनायकरावांना वाईट माणूस लिहिता येत नव्हता.

"आजोबा, यात कोडं कुठंय?" पहिला खर्डा वाचून पूर्वी म्हणाली. "चोर पहिल्याच पानावर रडतोय."

"त्याला पश्चात्ताप झाला."

"पण अजून डिटेक्टिव्ह आलाच नाहीये!"

दुसऱ्या खर्ड्यात डिटेक्टिव्ह वेळेवर आला. पण आल्या आल्या त्याने लोभावर असं काही निरूपण केलं, की सगळ्या संशयितांनी गुन्हा कबूल केला.

"सगळ्यांनी?" आशालताबाईंनी विचारलं. या विनायकरावांच्या पत्नी. संसारातलं उत्तररंगाचं, म्हणजे निरूपणानंतर मुद्द्यावर यायचं काम त्यांच्याकडे.

"सगळ्यांनी. फिर्यादीनेसुद्धा."

"अहो, पोरीला कोडं हवंय. तुम्ही मोक्ष देताय."

ही बातमी जिन्यावरून फिरली आणि सल्ले येऊ लागले. पारिजात सोसायटीत पाणी एक वेळ कमी दाबाने येईल, सल्ला नाही. खालच्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ म्हणाले, "ओगले, लिहिता कशाला? मोबाइलला सांगा, तो अर्ध्या मिनिटात लिहून देतो." विनायकरावांनी मोबाइलकडे असं पाहिलं, की जणू कीर्तनाला त्यानेच खोकून खोकून बेजार केलं होतं.

समोरच्या भामाबाई घरत मूळच्या गव्हाणच्या. मुलाने इथे फ्लॅट घेतला म्हणून आल्या. आवाज मात्र गावाकडचाच, बिनभिंतीचा. त्या म्हणाल्या, "भाऊ, चोरी म्हावऱ्याची दाखवा. गच्चीवर सुके बोंबील टाकले, ते गेले. सगली मांजरीवर संशय घेतात, आन् मांजर बिचारी उपाशी! माझ्या डोल्यासमोर झाल्याली गोष्ट हाय ही."

"मग नेले कोणी?"

"ता नाय सांगायची. कोडं हाय ना!"

विनायकरावांनी बोंबलांचा विनम्र त्याग केला आणि जे आपल्याला येतं तेच लिहिलं. सोसायटीत कीर्तन झालं. कीर्तन संपलं आणि पाहतात तो बुवांच्या चिपळ्या नाहीत! तिघांवर संशय: फुलवाली, तबलजी आणि सोसायटीचा सेक्रेटरी. फुलवाली म्हणते, मी हार देऊन लगेच गेले. तबलजी म्हणतो, माझे दोन्ही हात तबल्यावर होते. सेक्रेटरी म्हणतो, 'मी पहिल्यापासून शेवटपर्यंत जागचा हललो नाही. बुवा उभे राहिले, गळ्यातला हार सारखा केला, चिपळ्या वाजवल्या आणि नमनाला सुरुवात केली. पुढे चिपळ्या गेल्या कुठे, मला ठाऊक नाही.' खोटं कोण बोलतंय?

कीर्तनाला एकदा जरी गेलेला माणूस हे वाचून हसला असता. बुवांच्या गळ्यात हार नमनाला नसतोच; तो पडतो मध्यंतराला, पूर्वरंग संपल्यावर. तेव्हाच बुक्का लावायचा, मग उत्तररंग. म्हणजे सेक्रेटरी मागाहून, मध्यंतरानंतर आला होता आणि पहिल्यापासून होतो म्हणून थाप मारत होता. विनायकरावांना शंका आली, की कोडं फार सोपं झालं.

पूर्वीने ते वाचलं. पुन्हा वाचलं. नाकावर चष्मा सरकवून तिसऱ्यांदा वाचलं. जेवताना तिचं वरणाकडे लक्ष नव्हतं.

"हिंट द्या ना, आजोबा."

"छे. कुणाला तरी विचार."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी पूर्वीने समोरची बेल वाजवली.

भामाबाईंनी गोष्ट पूर्ण ऐकली आणि त्या दुखावल्या. "फुलवाली घेतली, आन् मना नाय घेतली? मी काय चोरी करू शकत नाय?" पण त्यांच्या मागून त्यांचा नातू प्रणित डोकावला. खाली क्रिकेटमध्ये जी टीम फुल दिसत होती, तिचा हा कप्तान.

"तबलजी," तो म्हणाला.

"का?"

"असंच. तोंडावरून."

"तोंड दिलेलं नाहीये गोष्टीत," पूर्वी म्हणाली. "पुरावा लागतो."

"पुरावा म्हणजे काय करायचं?"

या प्रश्नाची पूर्वी बंगळुरूपासून वाट बघत होती. संध्याकाळपर्यंत प्रणित, वरच्या मजल्यावरची प्रांजल आणि क्रिकेटचा सगळा संघ जिन्यात गोल करून बसला होता, आणि मधोमध पूर्वी. विनायकरावांनी दाराच्या भिंगातून हे पाहिलं आणि देवाला आत जाऊन दोन फुलं जास्त वाहिली. ती जरा घाईने वाहिली, हे पुढे कळलं.

एका घरून उत्तर मिळेना, म्हणून मुलं सगळ्या घरांत गेली. आणि इथे विनायकरावांच्या हिशेबातली चूक उघडी पडली. त्यांनी धरून चाललं होतं की मोठ्यांना हे ठाऊक असणारच. पारिजात सोसायटीत तर बहुतेकांनी कीर्तन पाहिलं होतं ते टीव्हीवर, चॅनेल बदलताना. बँकवाले म्हणाले, फुलवालीचा जबाब अपूर्ण आहे. एक वहिनी म्हणाल्या, बुवांनीच विम्यासाठी केलं असेल. चिपळ्यांचा विमा! विनायकराव रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

मग ठसे आले. हाताचे ठसे घ्यायला काळी पूड लागते, असं पूर्वीच्या पुस्तकात होतं. आजोबांच्या देवघरात चांदीच्या डबीत काळी पूड होती, बारीक आणि वर सुगंधी. पूर्वीने तपासासाठी बुक्का नेला. दुपारपर्यंत लिफ्टची बटणं, जिन्याचा कठडा, घराघरांच्या कड्या आणि बँकवाल्यांची पांढरी गाडी यांवर भक्तिभावाने बुक्का लागला होता. बँकवाले ऑफिसची मीटिंग असल्यासारखे झपझप वर आले. "ओगले, माझ्या गाडीला काय झालंय बघा!"

विनायकरावांनी वाकून वास घेतला. "उंची आहे हो. आळंदीहून आणलेला."

तोवर प्रांजलने वॉचमनकडे कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. वॉचमन म्हणाला, सेक्रेटरींना अर्ज द्या. मुलांनी अर्ज दिला, वहीचं पान फाडून, सुवाच्य अक्षरात: 'विषय: बुवांच्या चिपळ्यांची चोरी. महोदय, आपल्या सोसायटीतील कीर्तनात चोरी झाली असून संशयितांत आपणही आहात, तरी चित्रण मिळावे.'

पारिजातचे सेक्रेटरी प्रितम भोईर. माणूस चांगला, कायदा म्हटलं की मात्र अंगात यायचं. गेली तीन वर्षं पार्किंगच्या पिवळ्या रेषा त्यांनी स्वतः उभं राहून रंगवून घेतल्या होत्या. 'संशयितांत आपणही आहात' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. गोष्ट त्यांना कुणी दाखवलीच नव्हती; मुलं घरोघरी फिरली तेव्हा ते कामावर होते. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'आपल्याकडे चोरी झाल्याचं समजतं. सर्वांनी दारं नीट लावावीत.'

एवढं पुरलं. चहाच्या वेळी चिपळ्या चांदीच्या झाल्या. दिवेलागणीला सोन्याच्या. मागच्या इमारतीत पोचेपर्यंत त्यांचं मंगळसूत्र झालं होतं, आणि कामोठ्याला क्लास घेणाऱ्या एका मास्तरांनी विद्यार्थ्यांना लवकर सोडून घर गाठलं. कुणीतरी भल्या माणसाने पोलिसांना फोन केला.

हवालदार कोचावर टेकले. आशालताबाईंनी पोहे पुढे केले.

"चिपळ्या कुणाच्या?"

"बुवांच्या," विनायकराव म्हणाले.

"पूर्ण नाव?"

"ठेवलं नाही."

"कुणी?"

"मी. मी त्यांचा लेखक आहे."

हवालदारांचं पेन थांबलं. "राहतात कुठे?"

"दुसऱ्या परिच्छेदात."

हवालदारांनी पेन खिशाला लावलं, पोहे संपवले, गोष्टीचा कागद मागून घेतला आणि सावकाश वाचला. "तबलजी," ते उठता उठता म्हणाले. "अशा केसमध्ये तोच असतो." विनायकरावांनी डोळे मिटून घेतले.

पोलीस गेले, पण कमिटी राहिली. कमिटीने विनायकरावांना बोलावलं. ज्या माणसाने जन्मात कधी रांग मोडली नव्हती, त्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून 'सोसायटीत अफवा पसरवणे' या विषयावर ऐकवण्यात आलं. प्रितमराव आवाज न चढवता बोलले, ते जास्त लागलं. "काका, तुमच्याबद्दल आम्हाला रिस्पेक्ट आहे. पण हा तपास आजपासून बंद. आणि मुलांनी कुणाच्या दारात जायचं नाही. पालकांनाही तसं कळवलंय."

पालकांनी मुलांना घरात घेतलं. जिना ओस पडला. पूर्वी पुन्हा गॅलरीत. आणि या वेळी तिच्या हातात पुस्तकसुद्धा नव्हतं.

विनायकराव तिच्याजवळ जाऊन बसले. "चुकलं माझं. उत्तर सांगून टाकतो तुला."

"नको."

"अगं, पण..."

"उत्तर कळलं की संपलं ना, आजोबा. मग ते कशाला येतील?"

खाली रिक्षा गेली, वरून विमान गेलं.

मग पूर्वीच बोलली. "कोणालाच माहीत नाही, कारण कोणी कीर्तन पाहिलंच नाहीये. आम्ही घटनास्थळीच गेलो नाही. खरं कीर्तन कुठे असतं?"

आता हा प्रश्न विनायकराव ओगल्यांना विचारायचा! तळ्यापलीकडच्या मारुतीच्या देवळात चैत्रातला उत्सव चालू होता, आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी दिपिकाताई जोग यांचं कीर्तन होतं. पण पूर्वीला एकटीला नेऊन काय उपयोग? विनायकरावांनी सदरा बदलला, टोपी घातली आणि आपला सगळा मान घडी करून खिशात ठेवून ते प्रितमरावांच्या दारात उभे राहिले.

"माफी मागायला आलो," ते म्हणाले. "आणि मागणं मागायला. सगळ्या मुलांना उद्या एकदा देवळात नेऊ दे. तुम्ही हो म्हणालात तर पालक सोडतील."

"काका, एवढं काय त्या कोड्यात?"

"कोड्यात काही नाही हो. माझी नात इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी तिला हाक मारली. खालून. नावाने. ती हाक बंद झाली, ती माझ्यामुळे."

प्रितमराव दाराची कडी चाळवत राहिले. कडीला अजून बुक्का होता. तो बोटांना लागला. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण मी स्वतः येणार. सुपरव्हिजनला."

दुसऱ्या दिवशी पारिजातची पोरं देवळात पहिल्या रांगेत मांडी घालून बसली. टाळ्या वाजवायला नव्हे, नजर ठेवायला. दिपिकाताई नऊवारीत, हातात चिपळ्या घेऊन उभ्या राहिल्या आणि दचकल्याच. त्यांच्या कीर्तनाला मुलं येत, पण ती आईच्या मांडीवर झोपायला. इथे ही सगळी डोळे न मिटता त्यांच्या हातांकडे बघत होती. नमन झालं. प्रणितने कुजबुजून टिपलं, "चिपळ्या हातात." निरूपण सुरू झालं. दिपिकाताईंनी तबल्याकडे बघून सम दाखवली की सगळा संघ तबलजीकडे वळे. बिचाऱ्याचा घाम पुसायला हात मोकळा नव्हता. भामाबाई मागे बसून सारखं म्हणत होत्या, "बाई काय गोड गाते गो!"

प्रितमराव खांबाशी उभे होते, पांढरा शुभ्र शर्ट घालून. ही त्यांची चूक. देवळात पांढरा शर्ट घालून कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला व्यवस्थापक सोडत नाहीत. पूर्वरंग संपला, जयजयकार झाला, आणि कुणीतरी प्रितमरावांच्या हातात हार दिला. "या, या, आपल्या हस्ते." नको नको म्हणत ते पुढे आले. सगळं देऊळ शांत. प्रितमरावांनी हार उचलला...

"हार!" पूर्वी ताडकन उभी राहिली. "हार आत्ता घालतात! सुरुवातीला नव्हताच! सेक्रेटरी खोटं बोलला! सेक्रेटरीनेच चोरी केली!"

"सापडला!" प्रणित ओरडला, आणि सगळा संघ उठून नाचू लागला.

देवळातल्या तमाम श्रोत्यांनी हार धरलेल्या, एवढंसं तोंड झालेल्या सेक्रेटरींकडे पाहिलं. "मी काय केलं?" ते क्षीण आवाजात म्हणाले. विनायकरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण खाली संगमरवर होता.

दिपिकाताईंनी हात वर केला. पूर्वीला जवळ बोलावलं, माइक तिच्यापुढे धरला. "सांग बाळ, कसली चोरी?"

पूर्वीने सांगितली. पहिल्यांदा पुटपुटत, मग स्पष्ट, मग अशी काही, की तबलजीचं नाव आल्यावर त्याने आपणहून एक तुकडा वाजवला. फुलवाली, जबाब, ठसे, हवालदार. देऊळ हसून हसून हललं. अडली की प्रांजल आठवण करून द्यायची, प्रणित अभिनय करून दाखवायचा. शेवटी दिपिकाताईंनी डोळे पुसले.

"पूर्वरंगात माझ्याकडे इतकं नीट आजवर कुणी पाहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "हार मधेच का, याची मोठी कारणं मोठ्यांना विचारा. माझं कारण साधं आहे. सुरुवातीला घातला तर मान ताठ होते, आणि शेवटी घातला तर घरी जायची घाई असते. घाला, सेक्रेटरीसाहेब. तुम्ही मध्यंतराच्या आधी आलात, याला हे सगळं देऊळ साक्षी आहे."

टाळ्यांच्या कडकडाटात प्रितमरावांनी हार घातला. बुक्का लावायला थाळी फिरली, आणि मुलांनी या वेळी तो कपाळाला लावून घेतला.

उत्तररंग संपून आरती झाल्यावर प्रितमराव विनायकरावांना बाजूला घेऊन गेले. "काका, मी चोर, ठीक आहे. पण चिपळ्या नेल्या कशाला, ते लिहिलंच नाहीत तुम्ही."

विनायकराव ओशाळले. "त्याला घरी नेऊन एकदा वाजवून बघायच्या होत्या. मागणं जमलं नाही. सकाळी परत ठेवणार होता."

प्रितमराव बराच वेळ चपला शोधत राहिले. "हे बाकी बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता विनायकराव वामकुक्षीतून उठले तेव्हा गॅलरीचं दार बंद होतं. काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं. पलीकडे दबलेलं हसणं, प्रणितचा आवाज, त्यावर कुणीतरी 'शूऽऽ'. विनायकरावांनी दारावर टकटक केली.

दार बोटभर उघडलं. फटीत पूर्वीचा एक डोळा आणि अर्धा चष्मा.

"आजोबा, आत्ता नाही. आम्ही नवीन गोष्ट लिहितोय. सीक्रेट आहे."

"मी नुसता बसतो कोपऱ्यात."

"नाही ना, आजोबा! जागाच नाहीये." दार बंद झालं. आतून कडी लागली.

विनायकराव पाऊल न वाजवता स्वयंपाकघरात आले. आशालताबाई लाडू वळत होत्या.

"काय हो, असे का उभे?"

"मला आत घेत नाहीत," विनायकराव म्हणाले. आणि एखादी मोठी पदवी मिळाल्याचं सांगावं, तसे डोळे भरून हसले. "जास्त वळ. खूप जण आहेत."